पाहणारे पुष्कळ, ओळखणारे एकच

गावात रात्री कुणाच्या गोठ्यातून बैलजोडी गेली, की सकाळी पारावर काय होते ते तुम्हाला सांगायला नको. एक म्हणतो चोर दोघे होते, दुसरा म्हणतो चौघे होते. कुणाला काळे घोंगडे दिसलेले असते, तर कुणाला टोपी. दुपारपर्यंत चोर कोण ते ठरून जाते आणि दिवेलागणीपर्यंत चोरीचे कारणही ठरते. मग ते बांधाचे भांडण असेल, नाहीतर सोसायटीची निवडणूक. यातले कुणी मुद्दाम खोटे बोलत असते असे नाही. तरीही तालुक्याहून पोलीस येईपर्यंत खरे काय आणि ऐकीव काय याचा गुंता होऊन बसतो.

वाचकहो, असाच गुंता एका देशाच्या पंतप्रधानाच्या खुनात झाला. तोही अशा देशात, जिथे घरोघर शिक्षण पोहोचले आहे आणि पोलिसांजवळ साधनांची वाण नाही. युरोपच्या उत्तरेकडील स्वीडन देशाची ही हकीकत आहे. खून झाला १९८६ साली. पण खुनी कोण, हे आजतागायत कोणत्याही न्यायालयात कायमचे शाबीत झालेले नाही. ही हकीकत आपण का वाचायची, असे तुम्ही विचाराल. तिचे एक टोक आपल्या देशाशी बांधलेले आहे, हे एक कारण. दुसरे कारण असे, की तुमच्या-आमच्यापैकी कुणावरही उद्या साक्षीदार होण्याची वेळ येऊ शकते, आणि आपल्या एका शब्दावर दुसऱ्याचे सारे आयुष्य टांगलेले असू शकते.

पाल्मे कोण होते?

ओलॉफ पाल्मे यांचा जन्म १९२७ चा. १९६९ ते १९७६ आणि पुन्हा १९८२ पासून मरेपर्यंत ते स्वीडनचे पंतप्रधान होते. देश लहान, पण या माणसाचा आवाज मोठा होता. व्हिएतनामवर अमेरिकेने बाँब टाकले तेव्हा ते अमेरिकेविरुद्ध बोलले. दक्षिण आफ्रिकेत गोरे सरकार काळ्या माणसांना माणूस मानत नव्हते, तेव्हा ते त्या सरकारविरुद्ध बोलले. त्यामुळे त्यांना मानणारे जगभर होते, आणि त्यांचा दुस्वास करणारेही थोडे नव्हते.

भारताशी त्यांचा चांगला स्नेह होता. अण्वस्त्रांची शर्यत थांबावी म्हणून सहा देशांच्या प्रमुखांनी जी मोहीम चालवली, तिच्यात भारत आणि स्वीडन दोघेही होते. या सहा देशांनी १९८५ च्या जानेवारीत दिल्लीतूनच जगाला आवाहन केले. पाल्मे यांच्या मृत्यूनंतर भारत सरकारने त्यांना नेहरू पुरस्कार दिला. दिल्लीत त्यांच्या नावाचा रस्ताही आहे.

ती रात्र

२८ फेब्रुवारी १९८६, शुक्रवार. स्टॉकहोम ही स्वीडनची राजधानी. फेब्रुवारीतली तिथली थंडी हाडे गोठवणारी असते. पाल्मे यांनी त्या दिवशी आपल्या अंगरक्षकांना सुटी देऊन टाकली होती. आमच्या देशात पंतप्रधानही चार माणसांसारखा हिंडू शकतो, याचा त्या लोकांना अभिमान होता. संध्याकाळी घरात बोलणे झाले आणि पती-पत्नींनी मुलाबरोबर सिनेमाला जायचे ठरवले. कोणता सिनेमा बघायचा तेही उशिरा ठरले.

सिनेमा सुटल्यावर मुलाचा निरोप घेऊन दोघे पायी घराकडे निघाले. रस्ता शहरातला मोठा आणि वर्दळीचा होता. एका रंगाच्या दुकानाच्या कोपऱ्यावर ते आले तेव्हा रात्रीचे अकरा वाजून एकवीस मिनिटे झाली होती. तेवढ्यात मागून एक माणूस अगदी जवळ आला आणि त्याने पाल्मे यांच्या पाठीत गोळी झाडली. दुसरी गोळी पत्नी लिस्बेट यांच्या पाठीला चाटून गेली. मारेकरी बाजूच्या गल्लीत शिरला, गल्लीच्या टोकाचा ऐंशी-नव्वद पायऱ्यांचा जिना चढला आणि अंधारात नाहीसा झाला. मध्यरात्र उलटून सहा मिनिटे झाली तेव्हा रुग्णालयात डॉक्टरांनी पाल्मे यांना मृत घोषित केले.

वापसा गेला

पेरणीला वापसा असतो. तो साधला तर पीक, हुकला तर मग कितीही राबा, पदरात भुसा. गुन्ह्याच्या पुराव्यालाही असाच वापसा असतो, आणि तो फार थोड्या तासांचा असतो. स्टॉकहोमच्या पोलिसांनी तोच गमावला.

खुनाच्या जागेभोवती त्यांनी दोरी बांधली, पण ती फार आखूड. बाहेरच्या जागेतून लोक ये-जा करू लागले, फुले वाहू लागले. शहराबाहेर जाणारे रस्ते वेळेत रोखले गेले नाहीत. मारेकऱ्याचे वर्णन देशभर कळवायलाही उशीर झाला. आणि सर्वांत मोठी नामुष्की पुढेच आहे. झाडलेल्या दोन्ही गोळ्या पोलिसांना सापडल्याच नाहीत. पहिली गोळी दुसऱ्या दिवशी सकाळी एका भारतीय पत्रकाराला सापडली. दुसरी त्याच्याही पुढच्या दिवशी रस्त्याने जाणाऱ्या एका बाईला दिसली. दोन्ही गोळ्या दोरीच्या बाहेर पडल्या होत्या. ज्या पिस्तुलातून त्या सुटल्या, ते पिस्तूल मात्र हेच, असे खात्रीने आजवर दाखवता आलेले नाही.

पिस्तूल नाही, बोटांचे ठसे नाहीत, रक्ताचा डाग नाही. मग हाती उरले काय? उरले डोळ्यांनी पाहणारे.

ज्यांनी पाहिले ते

पाहणारे वीसच्या वर होते. कुणी मोटारीत बसून सिग्नलवर थांबलेले, कुणी टॅक्सीचा चालक, कुणी पायी चाललेले. एक तरुण तर त्या गल्लीतच होता. आता तुम्ही म्हणाल, एवढ्या साक्षी असल्यावर आणखी काय हवे?

पण काय झाले ते ऐका. गडद रंगाचा कोट किंवा जाकीट होते, माणूस बऱ्यापैकी उंच होता, तो गल्लीत पळाला, इथवर बहुतेकांचे जमत होते. पुढे जमेना. डोक्यावर विणलेली टोपी होती, की कान झाकणारी, की काहीच नव्हते? तो धावत गेला, की दुडक्या चालीने? आणि चेहरा? एक लिस्बेट बाई सोडल्या, तर त्या जागेवरच्या कुणालाही त्याचा चेहरा ओळखण्याइतका दिसला नव्हता. प्रकार सगळा काही सेकंदांचा, त्यात रात्र. आणि गोळीचा आवाज झाल्यावर माणूस चेहरा बघत नाही, पडलेल्याकडे बघतो.

काही दिवसांनी पोलिसांनी एका संशयिताचे चित्र काढवून वर्तमानपत्रांत दिले. हे चित्र काढले कशावरून? त्या रात्री तिथून थोड्या अंतरावर एका तरुणीला एक माणूस घाईने जाताना दिसला होता, त्यावरून. तो माणूस खुनीच होता याला काही आधार नव्हता. पण चित्र छापून आले, आणि हजारो लोकांना ते तोंड कुठे ना कुठे दिसू लागले. कुणाला शेजाऱ्यात दिसले, कुणाला जुन्या मालकात, कुणाला बहिणीच्या नवऱ्यात. पोलीस या खबरींच्या ढिगाखाली दबले. ते चित्र तपासाला वाट दाखवण्याऐवजी चकवाच ठरले, असे पुढे मानले जाऊ लागले.

आधी कारण, मग पुरावा

तपासाची सूत्रे स्टॉकहोमचे पोलीसप्रमुख हान्स होल्मेर यांनी आपल्या हाती घेतली. खुनाचा तपास चालवण्याचा त्यांना अनुभव नव्हता. त्यांनी लवकरच मनाशी ठरवले, की हे काम कुर्द लोकांच्या एका सशस्त्र संघटनेचे. मग त्या दिशेनेच सारी यंत्रणा लागली. १९८७ च्या जानेवारीत अनेक कुर्द माणसांना धरून आणले. हाती काही लागले नाही, सगळ्यांना सोडावे लागले. होल्मेर यांनाही तपासातून बाजूला व्हावे लागले. पण त्या देशात पोट भरायला गेलेल्या कुर्द कुटुंबांकडे शेजारीपाजारी संशयाने बघू लागले, ते कुणी भरून द्यायचे?

एवढ्यावर थांबले नाही. १९८८ साली असे उघडकीला आले, की पुस्तके छापणारा एक गृहस्थ त्याच कुर्द कटाचा खाजगी तपास चोरून चालवतो आहे, आणि खुद्द कायदामंत्री बाईंनी त्याला शिफारसपत्र दिले आहे. बाईंना मंत्रिपद सोडावे लागले.

चोर आधी ठरवायचा आणि मग पावलांचे ठसे त्याच्या दारापर्यंत नेऊन पोचवायचे, ही रीत आपल्या गावातच असते असे नाही. ती राजधानीतही असते.

पत्नीची साक्ष

१९८८ च्या डिसेंबरात पोलिसांनी क्रिस्टर पेटरसन नावाच्या माणसाला पकडले. दारूच्या व नशेच्या आहारी गेलेला, आणि पूर्वी एका माणसाला ठार केल्याबद्दल शिक्षा झालेला. काही साक्षीदारांनी तशा माणसाला त्या रात्री सिनेमागृहाजवळ पाहिले होते, असे सांगणे होते.

लिस्बेट बाईंना ओळखीसाठी बोलावले. माणसे समोर उभी न करता त्यांचे चित्रीकरण दाखवले. बाईंनी रांगेतल्या आठव्या माणसावर बोट ठेवले. तो पेटरसनच होता. खून झाल्याला तोवर पावणेतीन वर्षे उलटून गेली होती.

लिस्बेट बाई साध्या साक्षीदार नव्हत्या. शिकलेल्या, बालमानसशास्त्राच्या जाणकार, नवऱ्याच्या रक्तात हात भरलेल्या. त्यांच्या शब्दावर संशय घ्यायला कुणाची जीभ रेटणार? १९८९ च्या जुलैत खालच्या न्यायालयाने पेटरसनला जन्मठेप दिली. पण निकाल एकमताचा नव्हता. तिथल्या पद्धतीप्रमाणे कायद्याचे न्यायाधीश आणि नागरिकांतून नेमलेले पंच एकत्र बसतात. सहाही पंच म्हणाले दोषी, आणि दोन्ही न्यायाधीश म्हणाले, पुरावा पुरत नाही.

प्रकरण वरच्या न्यायालयात गेले, तेव्हा ओळखीची चिरफाड झाली. संशयित दारूडा आहे, हे बाईंना ती फीत बघण्याआधीच कळलेले होते. फीत बघताना बाई बोललेल्या शब्दांची नोंद होती, आणि त्यांचा आशय असा, की यात दारूडा कोण ते दिसतेच आहे. इतर माणसे नीटनेटकी, हा एकटाच वेगळा, असाही बचावाचा आक्षेप होता. मग बाईंनी खुनी ओळखला, की रांगेतला दारूडा ओळखला? शिवाय पिस्तूल नाही आणि खुनाचे कारणही नाही. नोव्हेंबर १९८९ मध्ये वरच्या न्यायालयाने पेटरसनला एकमताने निर्दोष सोडले. त्याला भरपाईही मिळाली. सरकारी वकिलांनी पुन्हा खटला चालवण्याची मागणी केली, ती सर्वोच्च न्यायालयाने १९९८ साली फेटाळली. २००४ साली पेटरसन वारला. लिस्बेट बाई २०१८ साली वारल्या. आपण ओळखला तोच खुनी, हे त्यांचे मत अखेरपर्यंत बदलले नाही.

वाचकहो, इथे क्षणभर थांबून विचार करा. बाई खोटे बोलल्या असे वरच्या न्यायालयाचे म्हणणे नव्हते. प्रामाणिकपणा वेगळा आणि अचूकपणा वेगळा, एवढेच त्याने पाहिले. कदाचित बाईंचे बरोबरही असेल. पण ओळख करवण्याची रीतच अशी बिघडली, की बरोबर की चूक हे आता ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. तो माणूस खुनी असेल, तर तो रीत चुकल्यामुळे सुटला. नसेल, तर रीत चुकल्यामुळेच तो जन्मभर तुरुंगात सडणार होता. नुकसान दोन्हीकडून ठरलेले.

आठवण म्हणजे फोटो नव्हे

आपल्याला वाटते, डोळ्यांनी पाहिले ते डोक्यात फोटोसारखे चिकटून बसते. तसे ते बसत नाही. आठवण ही घरच्या भिंतीसारखी असते. दर सणाला आपण ती सारवतो, आणि दर सारवणात थोडी नवी माती मिसळते.

अमेरिकेत १९७४ साली एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर या दोन मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग केला. विद्यार्थ्यांना मोटारींच्या टकरीची फिल्म दाखवली. नंतर ५० जणांना विचारले, “मोटारी एकमेकींना लागल्या तेव्हा वेग किती होता?” दुसऱ्या ५० जणांना विचारले, “मोटारींचा चुराडा झाला तेव्हा वेग किती होता?” आठवड्याने सर्वांना विचारले, “फुटलेली काच दिसली होती का?” फिल्ममध्ये फुटलेली काच मुळीच नव्हती. पण साधा शब्द ऐकलेल्या ५० पैकी ७ जणांनी काच पाहिल्याचे सांगितले, आणि चुराड्याचा शब्द ऐकलेल्या ५० पैकी १६ जणांनी! विचारणाऱ्याच्या एका शब्दाने न पाहिलेली काच डोळ्यांसमोर उभी केली.

एका शब्दाने एवढे होते, तर पावणेतीन वर्षांत काय होत असेल? रोज छापून येणाऱ्या बातम्या, शेजाऱ्यांचे बोलणे, पोलिसांचे पुन्हा पुन्हा तेच प्रश्न. आणखी एक ध्यानात ठेवा. साक्षीदार छातीठोकपणे सांगतो म्हणून ते खरे आणि अडखळत सांगतो म्हणून खोटे, असे नसते. पुष्कळदा एकच गोष्ट दहादा सांगितल्यानेच ती छातीठोक होते.

पडीक रानात तण

जिथे पेरणी साधत नाही तिथे तण माजते. या खुनाचेही तेच झाले. पुराव्याचे रान पडीक राहिले आणि त्यात कटाच्या कथा तरारल्या. कुणी म्हणाले दक्षिण आफ्रिकेच्या गोऱ्या सरकारने मारले. खुनाच्या आठवडाभर आधीच पाल्मे यांनी त्या सरकारवर जळजळीत भाषण केले होते. १९९६ साली त्या देशाच्या एका जुन्या पोलीस अधिकाऱ्याने तसे बोलूनही दाखवले. स्वीडनचे पोलीस तिकडे जाऊन आले, पण खटला उभा राहील असे काही मिळाले नाही. कुणी म्हणाले स्वीडनच्या पोलिसांतल्याच पाल्मेद्वेष्ट्यांनी केले. त्या रात्री आसपास बिनतारी यंत्रे घेतलेली माणसे दिसली, असे अनेकांनी सांगितले. ती माणसे कोण, आणि त्यांचा खुनाशी संबंध होता का, हे कधी सिद्ध झाले नाही.

आणि आता आपल्याकडचे टोक. बोफोर्स हा शब्द ठाऊक नाही असे घर आपल्याकडे क्वचित सापडेल. १९८९ च्या निवडणुकीत तो पारापारावर गाजला. ती तोफ स्वीडनची. पाल्मे यांच्या खुनानंतर बरोबर चोवीस दिवसांनी, २४ मार्च १९८६ रोजी, भारताने तोफांचा करार केला. सुमारे १,४३७ कोटी रुपयांचा. करारात दलाली दिली गेल्याची बातमी स्वीडनच्या रेडिओने १६ एप्रिल १९८७ ला फोडली. त्याआधी, १९८७ च्या जानेवारीत, शस्त्रांच्या निर्यातीवर देखरेख ठेवणारा स्वीडनचा बडा अधिकारी स्टॉकहोमच्या भुयारी रेल्वेखाली मेला होता. झाले! लोकांनी तिन्ही मणी एका दोऱ्यात ओवले. पाल्मे यांना दलाली कळली, म्हणून त्यांना मारले, अशी कथा तयार झाली.

दलालीचा वाद खरा होता, त्यावर आपल्याकडे वर्षानुवर्षे खटले चालले. पण त्या दलालीपायी पाल्मे यांना मारले, याचा पुरावा कुणीही समोर आणलेला नाही. आपल्याकडे म्हण आहे, कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ. एकानंतर दुसरे घडले म्हणून एकामुळे दुसरे घडले असे होत नाही.

मग अशा कथा लोकांना गोड का लागतात? एवढा मोठा माणूस एखाद्या भुरट्याच्या गोळीने मरावा, हे मनाला पटत नाही. मोठ्या मरणाला मोठेच कारण हवे असे वाटते. त्यात पोलिसांनी घोळ घातला, की लोक म्हणतात, हा घोळ नसून डाव आहे. खरे तर हयगय आणि डाव बाहेरून सारखेच दिसतात. याचा अर्थ कट कधी नसतोच असे नव्हे. पाल्मे यांच्या खुनामागे कट नव्हताच, असेही कुणी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. म्हणून कथा ऐकावी, पण सुपात घालून पाखडावी.

पाखडताना तीन प्रश्न विचारा. पहिला, सांगणाऱ्याने स्वतः काय पाहिले? की त्यानेही कुणाकडून ऐकले? दुसरा, कथेतल्या माणसांना हे करणे जमण्याजोगे होते का? पाल्मे कुटुंबाचे सिनेमाला जाणे त्या संध्याकाळी ठरले. मग मारेकऱ्याला जागा आणि वेळ कशी कळली, याचे उत्तर कथेत हवे. तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. काय समोर आले, तर ही कथा खोटी म्हणून तुम्ही सोडून द्याल? ‘पुरावा नाही, कारण तो दडपला’ असे जो म्हणतो, त्याची कथा कधीच खोटी ठरत नाही. आणि जी कधीच खोटी ठरू शकत नाही, ती खरीही ठरवता येत नाही.

साक्षीदारच संशयित

या प्रकरणाचा शेवट तर सगळ्यांत विचित्र. खुनाच्या जागेला लागूनच स्कांदिया नावाच्या विमा कंपनीची कचेरी होती. तिथला एक नोकर त्या रात्री उशिरा बाहेर पडला. कचेरीच्या घड्याळात त्याची वेळ नोंदलेली होती, अकरा वाजून एकोणीस मिनिटे. खुनाच्या अवघी दोन मिनिटे आधी. मी तिथे पोचलो, मदत केली, असे तो स्वतःच पोलिसांना आणि पत्रकारांना सांगत होता. पण तिथल्या इतरांच्या सांगण्याशी त्याचे सांगणे जुळेना. पोलिसांनी त्या वेळी त्याला बिनभरवशाचा साक्षीदार म्हणून बाजूला सारले. २००० साली तो वारला.

जून २०२० मध्ये सरकारी वकिलाने जाहीर केले, की आमच्या मते खुनी तोच, आणि आरोपी मेला असल्याने तपास बंद. देश थक्क झाला. पिस्तूल नाही, कबुली नाही, आणि मेलेला माणूस बचाव कसा करणार? अखेर डिसेंबर २०२५ मध्ये वरच्या अधिकारी वकिलाने तो ठपका मागे घेतला. हाती असलेल्या पुराव्यावरून त्याला खुनी म्हणता येत नाही, असे त्याने सांगितले. तपास मात्र बंदच राहिला. त्या घरच्या माणसांनी मधली साडेपाच वर्षे लोकांची बोलणी कशी सोसली असतील, याचा अंदाज तुम्हीच करा.

तोवर काय काय जमा झाले होते? सुमारे २५० मीटर लांबीच्या फळ्या भरतील एवढी कागदपत्रे. आणि खून आपणच केला असे सांगणारी १३० हून अधिक माणसे! पाच कोटी क्रोनरचे इनामही कुणाला मिळाले नाही.

तुमच्यावर वेळ आली तर

आता पंतप्रधान राहू द्या, आपल्या वाडीवस्तीचे बघू. चोरी, मारामारी, आग, अपघात, काहीही तुमच्या डोळ्यांदेखत घडले तर पुढच्या गोष्टी घरातल्या सर्वांनी ध्यानात ठेवाव्यात.

जखमी असेल तर आधी त्याला वाचवा. ते सोडून जागेवरच्या कशालाही हात लावू नका, बघ्यांना लांब ठेवा. ११२ या क्रमांकावर फोन करा. पंचनामा होईपर्यंत काठी, कोयता, पावलाचा ठसा, सांडलेली वस्तू जागच्या जागी राहू द्या.

जे पाहिले ते लगेच वहीत लिहा. आधी लिहा, मग बोला. लिहिता येत नसेल तर घरातल्या शाळकरी मुलाकडून लिहून घ्या, पण त्याने एक शब्दही आपल्या पदरचा घालू नये. वेळ, उजेड किती होता, तुम्ही किती पावलांवर होता, हेही लिहा. पाहिलेले वेगळे, ऐकलेले वेगळे आणि मनात आलेले वेगळे ठेवा. चेहरा दिसला नसेल तर “दिसला नाही” म्हणा. त्यात कमीपणा नाही, उलट ती सर्वांत मोलाची साक्ष आहे.

दुसऱ्या साक्षीदाराबरोबर बसून हकीकत जुळवू नका. दोन साक्षींत थोडा फरक असणे स्वाभाविक आहे. तंतोतंत पाठ केल्यासारख्या जुळल्या तरच वकिलाला संशय येतो.

फिर्याद देणाऱ्याला तिची प्रत फुकट मिळते. तो तुमचा हक्क आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितेतही तो कायम आहे. तपासात पोलीस साक्षीदाराचा जबाब लिहून घेतात, त्यावर साक्षीदाराची सही घ्यायची नसते. जबाब वाचून दाखवायला सांगा, आणि चुकीचे लिहिले असेल तर तिथल्या तिथे बोला.

ओळख परेडला बोलावले, तर त्याआधी संशयिताचा फोटो किंवा तो माणूस बघू नका. कुणी मोबाईलवर दाखवू लागला तरी नको म्हणा. आधी दाखवून मग ओळखायला लावलेली ओळख कोर्टात टिकत नाही. रांगेत तो माणूस नसेल, किंवा खात्री नसेल, तर तसेच सांगा. कुणाला तरी ओळखलेच पाहिजे असे बंधन तुमच्यावर नाही.

आणि शेवटचे. खात्री झाल्याशिवाय कुणाचे नाव पारावर घेऊ नका, मोबाईलवर तर मुळीच पाठवू नका. पोलिसांचा संशय कोर्टात खोटा ठरू शकतो. गावाने एकदा कुणाला चोर ठरवले, की त्याला सोडवणारे वरचे न्यायालय नसते.

स्टॉकहोममधल्या त्या कोपऱ्यापासून जवळच्याच चर्चच्या आवारात पाल्मे पुरलेले आहेत. त्या कोपऱ्याजवळच्या एका रस्त्याला आता पाल्मे यांचेच नाव आहे. पहिल्या रात्री दोरी चार हात लांब बांधली असती, आणि बाईंना दोन शब्द आधी सांगितले नसते, तर आज कदाचित खुनी कोण हेही माहीत असते.